रातांब्याला हात लावायचा नाही!

...नाही, पण मला एक सांगा, नवऱ्याने बायकोची साडी न विचारता कपाटातून काढायची, आणि ती नेसवायची कुणाला? झाडाला! हसू नका, झाडाला! आणि साडी तरी कुठली, माझी मोतिया रंगाची कोटा साडी, गंधालीच्या साखरपुड्याला घेतलेली... गंधाली म्हणजे आमची मुलगी, एकुलती एक, लग्न होऊन बडोद्याला असते... तर ती साडी गच्चीत चार बांबूंवर ताणून बांधलेली, आणि तिच्या सावलीत प्लास्टिकच्या स्टुलावर कोण बसलंय? आमचे हे! जयवंत परब! पेपर वाचतायत, आणि तो मोठ्याने वाचून दाखवतायत त्या झाडाला! मी म्हटलं, "अहो, ही माझी साडी!" तर मान वर न करता मला म्हणतात, "हळू बोल अनु. आत्ताच जरा सावरलंय ते."

आत्ताच सावरलंय! माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा हा माणूस खाटेशेजारी बसून मोबाइलवर क्रिकेट बघत होता, तेही आवाज चालू ठेवून!

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई साडीसाठी रडतेय. मी साडीसाठी रडत नाहीये. म्हणजे... साडीसाठीही रडतेय, पण मुद्दा तो नाही.

मुद्दा रातांबा! रातांबा म्हणजे कोकम हो, ज्याची आमसुलं होतात, सोलकढी होते ते. आता रातांबा कुठे असावा? कोकणात, परसात. आमचा कुठे आहे? मुलुंड पूर्वेला, सात मजली इमारतीच्या गच्चीत, निळ्या ड्रममध्ये! त्याचं काय झालं, ह्यांचं गाव कुडाळजवळ, तिथे अंगणात सासूबाईंनी लावलेला रातांबा होता. सासूबाई गेल्या. मग हायवे रुंद झाला, अंगण गेलं, अंगणाबरोबर रातांबाही गेला. तो पाडायच्या आधी हे गावी जाऊन आले आणि शेवटच्या फळांतल्या बिया रुमालात बांधून घेऊन आले. रुमालाचे डाग अजून गेले नाहीत, ते जाऊ दे. त्यातलं एकच बी रुजलं. एकच! ते हे झाड.

आणि तुम्हाला सांगते, रातांब्याची एक भानगड आहे. त्यात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. फळ धरणार मादीला. आणि बी पेरलं की नर निघेल का मादी, हे फूल येईपर्यंत देवालाही कळत नाही, आणि फूल यायला लागतात सात-आठ वर्षं! म्हणजे बघा, माणसात नऊ महिन्यांत निकाल लागतो, इथे पोरगं दुसरीत गेलं तरी पत्ता नाही मुलगा आहे की मुलगी! ह्यांचा चुलतभाऊ सहदेव, गावालाच असतो, स्वतःची रातांब्यांची बाग आहे, तो तेव्हाच फोनवर म्हणाला होता, "जयवंता, बी कित्याक लावतस? मादीचा कलम घेवन जा, फळाची खात्री." तर हे म्हणाले, "कलम दुसऱ्या कुणाच्या झाडाचं असेल. बी माझ्या आईच्या झाडाचं आहे."

वाईट वाटलं हो मला. पण ह्यांनी तिथे तरी थांबावं ना! ह्यांची आपली खात्री, मादीच असणार! का? तर म्हणे, "आईच्या झाडाचं बी आहे ना!" हे कुठलं शास्त्र? आणि त्या शास्त्राच्या जोरावर सगळ्या सोसायटीला दरवर्षी आमंत्रण, "यंदा फूल आलं की पुढच्या मे महिन्यात घरच्या सोलांची सोलकढी माझ्याकडे!" लिफ्टमध्ये आमंत्रण, पार्किंगमध्ये आमंत्रण, एकदा तर शेजारच्या सोसायटीत मयताला गेले होते तिथेही आमंत्रण!

आणि मग गेल्या एप्रिलमध्ये ती संध्याकाळ आली. आधी धुळीचं वादळ, समोरच्या शेडचा पत्रा उडून थेट आमच्या गेटवर, लाइट गेले, आणि मग ताड्... ताड् ताड्... ताड् ताड् ताड्... मला वाटलं वरच्या मजल्यावर कुणाचे तरी हरभरे सांडले. मग वाटलं, पोतंच सांडलं! खिडकीतून बघते तर गारा! मुलुंडात गारा! लोक वेडे झाले हो. कोण स्टीलचे डबे घेऊन धावतंय, कोण रील काढतंय, दुसऱ्या मजल्यावरचे श्यामसुंदरकाका, वय बघा त्यांचं, ते बर्म्युडावर खाली उतरले, ग्लासात गारा गोळा केल्या आणि त्यावर सरबत ओतून ओरडतायत, "या या, फुकटचा बर्फ! झकास!"

आणि आमचे हे कुठेत? मी घरभर शोधतेय. हे नाहीत, आणि ओट्यावरची माझी परात पण नाही! धावत गच्चीत गेले तर काय सांगू तुम्हाला... हा माणूस त्या ड्रमला एका हाताने मिठी मारून उभा, दुसऱ्या हाताने परात झाडावर धरलेली, आणि स्वतःच्या डोक्यावर, ज्यावर देवाने काही ठेवलेलं नाही, त्या डोक्यावर सगळ्या गारा! मी ओरडले, "अहो, परात डोक्यावर घ्या!" तर ओरडतात, "ती पुरत नाही गं! ती पुरत नाही!"

नाहीच पुरली. वारा असा होता की एक फांदी मोडून लोंबायला लागली, शेंडा वाकला, आणि पानांची तर नुसती चाळण. गारा थांबल्या, हे खाली बसले, आणि ड्रममधल्या मातीवर साचलेल्या गारा ओंजळीने काढून बाहेर टाकायला लागले. डोक्यावर दोन टेंगळं आलेली. मला त्या दिवशी भीती वाटली, खरंच सांगते. सासूबाई गेल्या तेव्हा हा माणूस धावपळीत होता, लाकडं सांगा, भटजी सांगा, पाहुण्यांचा चहा सांगा. त्या दिवशी गच्चीत त्याला कामच काही नव्हतं, आणि तो रडला.

मी म्हटलं, सहदेवला फोन लावा. लावला. तर तुम्हाला सांगते, सहदेव हा असा माणूस आहे की घराला आग लागली तरी आधी पान लावेल. हे इकडून रडवेले होऊन सांगतायत, फांदी मोडली, पानं फाटली, शेंडा वाकला, आणि तिकडून सहदेव, "मगे?"

"मगे काय? काय करू सांग ना!"

"काय्येक करू नको. मोडलेली फांदी तेवढी धारदार कोयत्यान साफ काप, त्या जागेर मोरचूद-चुन्याचा लेप लाव, नि मगे हात लावू नको."

"आणि फाटलेली पानं? ती काढू?"

"रवांदे. फाटली तरी तीच तेका जेवक घालतत."

"शेणखत घालू का थोडं? ताकद येईल."

"तुका ताप इलो तर तू मटण खातस? रवांदे. उन्हात मात्र भाजात, तर वर जुन्या लुगड्याची सावली कर. आणि पाणी कमी. हात लावू नको, रवांदे!"

जुन्या लुगड्याची! जुन्या! आता ह्यांच्या हिशेबात जुनं म्हणजे काय, जे अंगावर दोनदा बघितलंय ते! झालं, माझी कोटा गेली बांबूवर. आणि मी भांडले तर मला सहदेवचा शब्द ऐकवतात. काय म्हणतात? "अनु, आता बांधलीय ना, रवांदे!" राहू दे म्हणे!

बरं, आता सांगा, आपल्या लोकांना काहीही न करता बसणं जमतं का? जमेल कसं? आपल्याकडे कुणी आजारी पडलं की भेटायला जायचं, आणि रिकाम्या हाताने जायचं नाही! व्हॉट्सअॅपवर ह्यांनी झाडाचा फोटो टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून गच्चीत रांग! अहो, भेटायला! एक एक जण येतो, झाडासमोर उभा राहतो, चेहरा पाडतो, आणि विचारतो काय, "कसं काय झालं हो एकदम?" एकदम! तुम्ही खाली ग्लासात गारा घेऊन नाचत होता ना, ते एकदम!

श्यामसुंदरकाका आले, त्यांच्या हातात ओआरएसचं पाकीट. म्हणे, "जयवंत, डिहायड्रेशन झालंय याला." ह्यांनी हात जोडले, "काका, त्यात मीठ असतं, मरेल ते!" तर काकांना राग, "अरे, माझ्या नातवाला दिलं, तो नाही मेला!" आमच्याकडे कामाला शांताबाई येतात, त्यांनी येऊन मीठ-मोहरीने झाडाची दृष्ट काढली आणि जाताना मला म्हणाल्या, "ताई, साडीमुळं लागली असंल नजर, लई भारी हाय." बघा! शांताबाईंना कळतं भारी काय ते!

हे सगळ्यांना एकच सांगत होते, हात लावू नका, रवांदे! गुजराती शेजारणीला पण सांगत होते, रवांदे! तिला वाटलं हे झाडाचं नाव आहे. ती अजून विचारते, "भाभी, रवांदे केम छे?"

पण लोकांनी हात नाही लावला हं. खोटं कशाला बोलू, हात कुणीच नाही लावला. पाणी घातलं! हे ऑफिसला गेले, मी ऑफिसला गेले की प्रत्येक जण वर जायचा, आणि प्रत्येकाला वाटायचं, बिचारं तहानलं असेल, कुणाच्या लक्षात नसेल, आपण गुपचूप घालू एक तांब्या. एकाचा तांब्या, दुसरीचं तांदळाचं धुवण, तिसरीचं डाळीचं पाणी, कुणीतरी नारळपाणी! गुपचूप हं, सगळं गुपचूप, उपकार दाखवायचे नाहीत म्हणून! एवढी चांगली माणसं एका बिल्डिंगमध्ये नसावीत हो, वाट लागते! ड्रम गळ्यापर्यंत भरला, झाडाची उरलेली पानं पिवळी पडली, आणि ड्रममधून वाहिलेलं पाणी मुरत मुरत उतरलं कुठे? बरोबर खालच्या सातव्या मजल्यावर, मृणालिनीताईंच्या दिवाणखान्यात!

मृणालिनीताई सहस्रबुद्धे म्हणजे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्या चिडल्या की आवाज चढत नाही, उलट खाली येतो, आणि ते जास्त भयंकर. त्यांनी मीटिंग लावली. हे उठून सांगायला लागले, "मॅडम, झाड म्हणजे जीव आहे..." तर त्या शांतपणे म्हणाल्या, "परब, झाड म्हणजे काय ते मला सांगू नका, मी आयुष्यभर तेच शिकवलंय. पण माझ्या सोफ्यावर जे टपकतंय ते वनस्पतीशास्त्र नाही, ते पाणी आहे."

झालं! पाणी घालणाऱ्यांची तर तोंडं बघायची होती! श्यामसुंदरकाका पंख्याकडे बघतायत, गुजराती शेजारीण पर्समध्ये काहीतरी शोधतेय. हे एकटे उभे. आणि मग ह्यांनी ते सांगितलं जे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणाले, "मॅडम, गावचं घर राहिलं नाही, अंगण राहिलं नाही. हे एवढंच आहे माझ्याकडे. हे हलवलं तर आता मरेल."

मृणालिनीताई मग म्हणाल्या, "हिवाळा संपला की गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं आहे. तोपर्यंत झाडाला एक तरी फूल येऊ दे. फूल आलं तर ते जगलं असं मी समजेन, ड्रमखाली उंच घडवंची करू, झाड गच्चीत राहील, आणि मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. नाही आलं तर ड्रम खाली." आणि मग पंख्याकडे बघणाऱ्यांकडे बघून म्हणाल्या, "आणि पाणी फक्त परब घालतील."

त्या दिवसापासून आमच्या घरात बाळंतपण सुरू झालं म्हणा ना! ड्रमची खालची बुजलेली भोकं मोकळी केली, माती सुकू दिली, वाकलेला शेंडा काठीला जुन्या बनियनच्या पट्टीने सैल बांधला... तिथे मात्र स्वतःचं बनियन जुनं सापडलं हं, साडी नाही फाडली! आणि मग वाट बघणं. रोज सहदेवला फोन, "अजून काही दिसत नाही रे." तिकडून, "रवांदे." "पानं गळतायत." "रवांदे." "सहदेवा, ते मेलं तर नाही ना?" तर एकदा तो चिडलाच, "अरे मेल्या, झाड काय तुझ्यासारख्या घाबरट नसता! नखान साल खरवडून बघ. हिरवा दिसला मा? मगे रवांदे!"

खरवडलं. हिरवं दिसलं. ह्यांनी मला बोलावून दाखवलं, मग गंधालीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, मला डोहाळजेवणाला तरी इतक्या वेळा फोन केला होता का?"

मी पण काही कमी नाही, मीही वरवर चिडत होते. म्हणजे आतून पण चिडत होते. पण एक दिवस दुपारी मी ऑफिसात काउंटरवर, समोर माणसांची ही रांग, आणि रजा काढून घरी थांबलेल्या ह्यांचा फोन. "अनु... आलं."

"काय आलं?"

"पालवी! लाल लाल! मोडलेल्या फांदीच्या बगलेतून!"

रातांब्याची कोवळी पानं तांबूस येतात, पाहिली नसतील तुम्ही, फार सुंदर असतात. मला काय झालं कुणास ठाऊक, समोरच्या माणसाला म्हटलं, "दोन मिनिटं थांबा हो, आमच्याकडे पालवी फुटलीय," आणि डोळे पुसायला लागले. त्या माणसाला काय वाटलं माहीत नाही, तो म्हणाला, "अभिनंदन, पहिलंच का?"

पावसाळा गेला, दिवाळी गेली. झाड भरलं. पण फूल? पत्ता नाही! डिसेंबर गेला. वॉटरप्रूफिंगवाला येऊन गच्ची मोजून गेला, मोजताना ह्यांच्या स्टुलाला ठेचकाळला, ह्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो माप विसरला. हे जेवायचे कमी झाले. संक्रांतीला तिळगूळ हातात घेऊन नुसते बसलेले. मी म्हटलं, "अहो, नाही आलं तर माझ्या माहेरी डोंबिवलीला ठेवू." तर म्हणाले, "तिथे त्याला कोण ओळखतं?"

आणि तुम्हाला सांगते, त्यानंतर एका रविवारी सकाळी हे गच्चीतून ओरडले. अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं. लिफ्टची वाट न बघता लोक जिने चढून आले. फांदीच्या टोकाला कळ्यांचा घोस, आणि त्यातलं एक फूल उमललेलं! एवढंसं, पिवळट गुलाबी! टाळ्या काय, शिट्ट्या काय, श्यामसुंदरकाका तर ओआरएसचं श्रेय घ्यायला लागले, मी घातलं नव्हतं पण आणलं तर होतं म्हणाले! ह्यांनी जागेवरच सोलकढीचं आमंत्रण, "मे महिन्यात, सगळ्यांनी, सहकुटुंब!"

तेवढ्यात मृणालिनीताई आल्या. सगळे बाजूला झाले. त्यांनी पर्समधून भिंग काढलं, वाकल्या, फूल बघितलं. शेजारची कळी उघडून बघितली. आणखी एक बघितली. अगदी डॉक्टरीणबाई ऑपरेशन थिएटरच्या दारात येतात ना, तशा सरळ उभ्या राहिल्या, आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "अभिनंदन, परब. मुलगा आहे."

शिट्टीसाठी तोंडात घातलेली बोटं तशीच राहिली! श्यामसुंदरकाका हळूच विचारतात, "म्हणजे... सोलकढी?" मृणालिनीताई म्हणाल्या, "ह्यात फक्त पुंकेसर आहेत. फळ कधीच धरणार नाही. पण फूल आलं, मी शब्द दिला होता, झाड राहील." आणि खरंच, त्यापुढे एक शब्द न बोलता खाली गेल्या.

लोक पांगले. आठ वर्षं! गारा, टेंगळं, पाणी, मीटिंगा, माझी साडी... आणि मुलगा! मला वाटलं आता हे पुन्हा खाली बसणार. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तर हे झाडाकडे बघतायत आणि हसतायत! मला म्हणाले, "अनु, आपल्याला मुलगा हवा होता, आठवतं?" मी म्हटलं, "मला नको होता. तुमच्या आईला हवा होता." तर म्हणाले, "मग आईच्या झाडाने दिला ना!"

आणि मी पुढचं काही बोलायच्या आत फोन लावला सहदेवला! मला वाटलं आता तिकडून नेहमीचं उत्तर येणार. पण हे म्हणतात काय, "सहदेवा, मुलगा झालाय. त्याच्यासाठी एक चांगली मुलगी बघ. मादीचं कलम. घरंदाज. हा आहे म्हटल्यावर फळ धरेल ना तिला?" आणि सहदेव, ज्याने आयुष्यात कुठल्या गोष्टीची घाई केली नाही, तो फोनवर ओरडला, "धरात तर! येत्या शनिवारी घेवनच येतंय! पण तुझ्याकडे दुसरो ड्रम खंय आसा?"

ह्यांनी फोन कानाला तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्याकडे नाही... माझ्यावरून, आमच्या घरात कोपऱ्यात काय असतं त्याच्याकडे, मनातल्या मनात. मी म्हटलं, "बघूसुद्धा नका! तो माझा तांदळाचा ड्रम आहे, माझ्या लग्नापासूनचा आहे, त्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही, सांगून ठेवते!"

...परवा येतेय सून. ड्रम धुऊन गच्चीत वाळत घातलाय, मीच घातलाय, ह्यांना नीट धुता येत नाही. आणि तांदूळ कुठे ठेवलेत म्हणता? आंघोळीच्या बादलीत. आंघोळ? ती आम्ही दोघं सध्या पातेल्यातून करतोय.